"एव्हिल दिलंय, बघू थोडा वेळ": मुलाला गंभीर ॲलर्जी होते तेव्हा पहिली तीस मिनिटं कुठे जातात?

१७ जुलै २०१६. लंडनचं हीथ्रो विमानतळ, टर्मिनल ५. पंधरा वर्षांची नताशा एडनान-लापेरूझ वडील आणि मैत्रिणीसोबत सुट्टीसाठी फ्रान्समधल्या नीस शहरात निघाली होती. विमानात बसण्याआधी तिने 'प्रेट' या सँडविच साखळीच्या दुकानातून एक बगेट घेतला. आत ऑलिव्ह आणि आर्टिचोक. नताशाला तिळाची ॲलर्जी होती, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना लेबल वाचायची सवय. या पाकिटावर तिळाचा उल्लेख कुठेच नव्हता.

तीळ वरून भुरभुरलेले नव्हते, ते पावाच्या पिठातच मळलेले होते.

विमानात तिच्या अंगावर लाल चट्टे उठले, श्वास अडकू लागला. वडिलांनी जवळची दोन्ही एपिपेन तिच्या मांडीत टोचली. त्याच दिवशी नीसच्या हॉस्पिटलमध्ये नताशाचा मृत्यू झाला.

२०१८ मध्ये लंडनमध्ये कोरोनरसमोर चौकशी झाली तेव्हा एक गोष्ट जगासमोर आली. दुकानातच तयार होणाऱ्या पदार्थांच्या प्रत्येक पाकिटावर ॲलर्जीकारक घटक छापायची सक्ती ब्रिटनच्या नियमात नव्हती. दुकानाने काही लपवलं असं नव्हतं, कायद्यानेच ती पळवाट दिली होती. नताशाच्या आईवडिलांनी मोहीम चालवली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून 'नताशाज लॉ' लागू झाला. जागेवर बनवून पॅक केलेल्या पदार्थावरही आता घटकांची पूर्ण यादी आणि त्यातले ॲलर्जीकारक पदार्थ ठळक छापावे लागतात.

ही गोष्ट सोशल मीडियावर पुन्हापुन्हा फिरते ती लेबलच्या कायद्यामुळे. पण भारतातल्या पालकांनी ती वाचताना एका वेगळ्या वाक्यापाशी थांबायला हवं: वडिलांनी 'जवळची दोन्ही एपिपेन' टोचली. नताशा वाचली नाही, तरी तिच्या वडिलांकडे टोचायला काहीतरी होतं. पुण्यात, नाशिकमध्ये किंवा सावंतवाडीत एखाद्या मुलाला असा झटका आला, तर पालकांच्या हातात बहुतेक वेळा काय असतं? एक अँटीहिस्टामिनची गोळी आणि रिक्षावाल्याला मारलेली हाक.

'पित्त उठलंय' आणि 'जीव धोक्यात आहे' यातला फरक

मराठी घरात ॲलर्जीला एक जुनं नाव आहे: पित्त. अंगावर गांधी आल्या की "पित्त उठलं" म्हणायचं, आमसुलाचं पाणी लावायचं, एखादी गोळी द्यायची. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही, कारण बहुतेक ॲलर्जी त्वचेपुरतीच राहते.

गडबड होते ती ॲलर्जी त्वचेपुरती राहत नाही तेव्हा. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घडवला. समुद्री ॲनिमोनचं विष अगदी थोड्या प्रमाणात कुत्र्यांना टोचून त्यांची प्रतिकारशक्ती वाढते का, हे ते बघत होते. झालं उलटंच. दुसऱ्यांदा दिलेल्या किरकोळ डोसने कुत्रे काही मिनिटांत मेले. रिशे यांना या कामासाठी १९१३ चं नोबेल मिळालं.

शरीरात घडतं ते थोडक्यात असं. एखादा पदार्थ, समजा शेंगदाणा, शरीराने 'शत्रू' म्हणून नोंदवून ठेवलेला असतो. तो पुन्हा आत आला की मास्ट पेशी एकाच वेळी हिस्टामिन आणि इतर अनेक रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात. रक्तातलं पाणी आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतं, रक्तदाब कोसळतो. श्वासनलिका आवळतात. घसा आणि जीभ सुजते.

म्हणजे त्वचेवर दिसतंय त्यापेक्षा आत बरंच मोठं काही चालू असतं. आणि साधारण दहापैकी एक-दोन रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. "अंगावर तर काही उठलं नाही, मग ॲलर्जी कशी?" हा प्रश्न म्हणूनच फसवा ठरतो.

मुलं "मला श्वास घ्यायला त्रास होतोय" असं नेमकं सांगत नाहीत. "जीभ टोचतेय", "घशात काहीतरी अडकलंय", "पोटात दुखतंय" असं सांगतात. आवाज घोगरा होतो. सतत खोकला येतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. एकामागून एक उलट्या होतात. अगदी लहान बाळ अचानक मलूल पडतं, हातापायातली ताकद गेल्यासारखं होतं. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत त्वचेची लक्षणं आणि त्यासोबत श्वासाचा त्रास, चक्कर किंवा सततच्या उलट्या यापैकी काही दिसलं, तर ते 'पित्त' नाही. ज्या गोष्टीची ॲलर्जी आधीच माहीत आहे ती पोटात गेली असेल आणि नुसता श्वास अडकत असेल, तरी पुरे.

वेळ किती असतो?

ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ ते १९९८ या काळातल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि आजही त्याचा हवाला दिला जातो. ॲलर्जीकारक गोष्ट शरीरात गेल्यापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ त्यांनी काढला. अन्नामुळे झालेल्या झटक्यात ३० मिनिटं. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशात १५ मिनिटं. हॉस्पिटलमध्ये दिलेल्या औषधामुळे झालेल्या झटक्यात फक्त ५ मिनिटं.

हे आकडे मृत्यू झालेल्यांचे आहेत. ॲनाफिलॅक्सिस झालेले बहुसंख्य लोक वाचतात, हेही तितकंच खरं. पण कोणाचा झटका आपोआप ओसरेल आणि कोणाचा नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कोणालाच ओळखता येत नाही. अगदी डॉक्टरलाही नाही. गेल्या वेळी साधं पुरळ आलं होतं म्हणून या वेळीही तेवढंच होईल, याचीही खात्री नसते.

आता ही ३० मिनिटं आपल्याकडच्या एखाद्या वाढदिवसाच्या पार्टीत ठेवून बघा. केकमध्ये काजू होता. मुलगा ओठ खाजवतोय. पहिली पाच मिनिटं "काय खाल्लंस?" यात जातात. पुढची दहा आमसूल किंवा गोळी शोधण्यात आणि ती दिल्यावर "बघू थोडा वेळ" म्हणण्यात. मग उलटी होते, तेव्हा "बरं झालं, बाहेर पडलं" असं कोणीतरी म्हणतं. मग आवाज बसतो, आणि तेव्हा गाडीची किल्ली शोधली जाते.

औषध एकच आहे

जगभरातल्या मार्गदर्शक सूचना याबाबतीत एकमताने बोलतात. ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध ॲड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत दिलेलं इंजेक्शन. गरज पडली तर कपड्यांवरूनही.

ॲड्रेनालिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब वर आणतं, सूज कमी करतं. श्वासनलिका मोकळ्या करतं. हृदयाला जोर देतं. आणि मास्ट पेशींमधून बाहेर पडणारी रसायनंही रोखतं. म्हणजे बिघडलेल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर ते एकाच वेळी काम करतं, आणि काही मिनिटांत करतं.

मुलांसाठीचा डोस वजनावर ठरतो: दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा.

मग एव्हिल, सेट्रिझिन, हायड्रोकॉर्टिसोन यांचं काय? भारतातल्या अनेक छोट्या दवाखान्यांत आजही ॲलर्जी म्हटलं की आधी एव्हिल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन तयार होतं. अँटीहिस्टामिन फक्त हिस्टामिन अडवतं. खाज आणि पुरळ कमी होतं, पण कोसळलेला रक्तदाब उचलला जात नाही, आवळलेली श्वासनलिका उघडत नाही. धोका असा की त्वचा छान दिसायला लागते आणि सगळे निर्धास्त होतात. स्टिरॉइडचा परिणाम सुरू व्हायला तर काही तास लागतात. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या सूचनांमध्ये पहिल्या उपचारातून अँटीहिस्टामिन काढून टाकलं आणि स्टिरॉइडचा नेहमीचा वापरही थांबवायला सांगितलं.

डॉक्टर ॲड्रेनालिनला बिचकतात यामागे कारण आहे, ते फक्त अज्ञान नाही. हे औषध बहुतेकांनी हृदय बंद पडलेल्या रुग्णाला, थेट शिरेतून देताना पाहिलेलं असतं. शिरेतून चुकीचा डोस गेला तर हृदयाची लय खरंच बिघडू शकते. पण मांडीच्या स्नायूत, वजनाप्रमाणे दिलेला डोस ही वेगळी गोष्ट आहे. मुलाचे हात थरथरतील, छाती धडधडेल, चेहरा थोडा वेळ पांढरा पडेल. एवढंच. ॲनाफिलॅक्सिसमध्ये हे इंजेक्शन देऊच नये असा कुठलाही रुग्ण नसतो, असं मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात.

आणखी एक चूक: उभं करणं

पम्फ्री यांनीच २००३ मध्ये दुसरी एक गोष्ट समोर आणली. झटका आलेल्या काही रुग्णांचा मृत्यू त्यांना आडव्या स्थितीतून अचानक उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर लगेच झाला होता. रक्तदाब कोसळलेला असताना माणूस उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्त जवळपास थांबतं.

म्हणून मुलाला आडवं झोपवायचं, पाय वर उचलायचे. श्वासाला खूप त्रास होत असेल तर पाय लांब करून बसू द्यायचं. उलट्या होत असतील तर कुशीवर. बरं वाटलं म्हणून चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. आपल्याकडे "जरा मोकळ्या हवेत चालव त्याला" हा सल्ला प्रेमाने दिला जातो. या वेळी तो ऐकायचा नाही.

महाराष्ट्रात १०८ ला फोन करताना "ॲलर्जी झालीय" एवढंच न सांगता "ॲलर्जीमुळे श्वास अडकतोय, ॲनाफिलॅक्सिस वाटतंय" असं सांगितलेलं बरं. हॉस्पिटल निवडताना ओळखीचं किंवा मोठं नाव बघण्यापेक्षा सगळ्यात जवळचं, जिथे आत्ता डॉक्टर हजर आहे असं निवडायचं. आणि दारातच विचारायचं: "ॲड्रेनालिन देणार ना?" डॉक्टरला आवडो न आवडो.

इंजेक्शननंतर मूल खेळायला लागलं तरी लगेच घरी न्यायची घाई नको. काही जणांमध्ये काही तासांनी दुसरी लाट येते, पुन्हा काहीही न खाता. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली ठेवतात. किती तास, हे झटका किती तीव्र होता आणि किती डोस लागले यावर ठरतं.

मग घरी हे इंजेक्शन का नसतं?

इथे भारतातली खरी अडचण सुरू होते.

पाश्चात्त्य देशांत गंभीर ॲलर्जी असलेल्या मुलाच्या दप्तरात ऑटो-इंजेक्टर असतो. पेनासारखं उपकरण, आत ठरलेला डोस. टोपी काढायची, मांडीवर जोरात दाबायचं, काही सेकंद धरून ठेवायचं. हे तंत्र मुळात सैनिकांसाठी तयार झालं. रासायनिक हल्ला झाला तर विषावरचा उतारा सैनिकाला स्वतःच टोचून घेता यावा म्हणून. अमेरिकेत एपिपेनला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली.

ऑटो-इंजेक्टरही परिपूर्ण नाही. नताशाच्या चौकशीत कोरोनरने एपिपेनच्या १६ मिलिमीटरच्या सुईबद्दल आणि डोसबद्दलही चिंता नोंदवली होती. किमतीचा तर स्वतंत्र इतिहास आहे. मायलन कंपनीने २००७ मध्ये हे उत्पादन घेतलं तेव्हा दोन पेनांची जोडी साधारण १०० डॉलरला होती, २०१६ पर्यंत ती ६०० डॉलरच्या वर गेली. म्हणजे त्या वेळच्या दराने ४० हजार रुपये. कंपनीच्या प्रमुख हेदर ब्रेश यांना अमेरिकी संसदेच्या समितीसमोर उत्तरं द्यावी लागली. गंमत म्हणजे आत असलेलं औषध स्वस्त आणि जुनं आहे. पैसे लागतात ते पेनाचे.

तेच औषध भारतात काचेच्या छोट्या ॲम्प्यूलमध्ये काही रुपयांत मिळतं. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ऑटो-इंजेक्टर आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. वर्ल्ड ॲलर्जी ऑर्गनायझेशनच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या जेमतेम एक तृतीयांश देशांतच तो उपलब्ध आहे, आणि ते बहुतेक श्रीमंत देश आहेत. भारतातली ज्यांना जमतं ती कुटुंबं अमेरिकेतल्या मावशीकडून किंवा दुबईतल्या काकांकडून पेन मागवतात. वर्ष-दीड वर्षात मुदत संपली की पुन्हा तोच खटाटोप.

बाकीच्यांसाठी काही ॲलर्जीतज्ज्ञ दुसरा मार्ग काढतात: पालकांना ॲम्प्यूल आणि सिरिंज वापरायला शिकवतात, किंवा डोस भरून ठेवलेली सिरिंज देतात. काहीच नसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये पालकांना बाळाचा डोस ॲम्प्यूलमधून सिरिंजमध्ये भरायला सांगितला, तेव्हा सरासरी १४२ सेकंद लागले. आणि भरलेल्या डोसांमध्ये ४० पटींपर्यंत फरक निघाला. समोर गुदमरणारं मूल नसताना, शांत खोलीत. आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजमधलं औषध उष्णतेने आणि उजेडाने लवकर खराब होतं, त्यामुळे ती दर थोड्या महिन्यांनी बदलावी लागते. एप्रिल-मे महिन्यातल्या नागपुरात तर विचारूच नका.

गेल्या दोन वर्षांतली चांगली बातमी म्हणजे सुईशिवायचं ॲड्रेनालिन. 'नेफी' नावाच्या नाकात मारायच्या स्प्रेला अमेरिकेच्या एफडीएने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली, आधी ३० किलोंच्या वरच्यांसाठी. मार्च २०२५ मध्ये १५ ते ३० किलो वजनाच्या, चार वर्षांवरच्या मुलांसाठी कमी डोसचा स्प्रेही मंजूर झाला. सुईच्या भीतीने पालक आणि शिक्षक जो वेळ घालवतात, तो यामुळे वाचू शकतो. मात्र ही मंजुरी प्रामुख्याने झटका आलेला नसलेल्या लोकांच्या रक्तात औषध किती पोहोचतं हे मोजून दिली गेली, प्रत्यक्ष झटक्यातल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीवरून नाही. अशी चाचणी करणं नैतिकदृष्ट्या अवघडच आहे. आणि किंमत पेनाच्याच जातकुळीतली.

"आपल्याकडे अशी ॲलर्जी असते कुठे?"

या सगळ्यावर हा प्रतिवाद हमखास येतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. युरोप्रिव्हॉल-इन्को या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अनेक शहरांतल्या शाळकरी मुलांची तुलना केली होती. संभाव्य अन्न-ॲलर्जीचं प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५० टक्के, रशियातल्या तोम्स्कमध्ये ०.८७ टक्के, तर भारतात फक्त ०.१४ टक्के आढळलं. भारतातली मुलं दक्षिण भारतातली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्या देशाचा म्हणून वापरणं घाईचं होईल. पण प्रमाण कमी आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

तरीही ०.१४ टक्के म्हणजे दर दहा हजार मुलांमागे चौदा. शिवाय ॲनाफिलॅक्सिस फक्त खाण्याने होत नाही. गडावर ट्रेकर्सवर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. प्रतिजैविकांच्या इंजेक्शनने होतो, वेदनाशामक गोळ्यांनी होतो. आणि आजार दुर्मीळ असला की एक वेगळीच अडचण तयार होते: समोर आल्यावर कोणी ओळखत नाही.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. लसीकरणाच्या ठिकाणी ॲनाफिलॅक्सिस किट ठेवायची पद्धत आहे. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवतात ते याचसाठी. कोविड लशीच्या वेळी प्लास्टिकच्या खुर्चीवर काढलेली ती ३० मिनिटं आठवत असतील. आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लसीकरणानंतर ॲनाफिलॅक्सिसचा संशय आला, तर डॉक्टरची वाट न बघता गावातली प्रशिक्षित नर्सताई, म्हणजे एएनएम, ॲड्रेनालिनचा एक डोस मांडीत देऊ शकते. त्यानंतर रुग्णाला पुढे पाठवायचं.

म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाला हे इंजेक्शन शिकवता येतं, यावर देशाच्या आरोग्य व्यवस्थेने आधीच शिक्कामोर्तब केलं आहे. प्रश्न उरतो तो लसीकरणाच्या खोलीबाहेरचा. मूल दिवसाचे सहा-सात तास जिथे घालवतं, त्या शाळेचं काय?

शाळा

२००३ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सॅब्रिना शॅनन या १३ वर्षांच्या मुलीने शाळेच्या कॅन्टीनमध्ये फ्रेंच फ्राइज खाल्ले. तिला दुधाच्या पदार्थांची ॲलर्जी होती. चीज लागलेल्या चिमट्यातून दुधाचा अंश आला असावा, असं मानलं गेलं. तिला दमाही होता, त्यामुळे आधी दम्याचाच त्रास वाटला. ॲड्रेनालिनचं पेन लॉकरमध्ये होतं. ते आणायला शिक्षक धावले, पण तोवर उशीर झाला होता. २००५ मध्ये ऑन्टारिओने 'सॅब्रिनाज लॉ' मंजूर केला: प्रत्येक शाळेकडे ॲनाफिलॅक्सिसची योजना हवी, प्रत्येक अशा मुलाची स्वतंत्र नोंद हवी, शिक्षकांना प्रशिक्षण हवं.

२०१७ मध्ये पश्चिम लंडनच्या एका शाळेत दुसऱ्या मुलाने मस्करीत चीजचा तुकडा फेकला. तो १३ वर्षांच्या, दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या मानेला लागला. दहा दिवसांनी तो मुलगा गेला. शाळेच्या औषधाच्या डब्यात ठेवलेल्या पेनची मुदत उलटून गेली होती आणि ही ॲलर्जी जीव घेऊ शकते हे वर्गातल्या मुलांना नीट माहीत नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ब्रिटनमधल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पेन विकत घेऊन ठेवायची परवानगी मिळाली. अमेरिकेत शाळांनी पेनांचा साठा ठेवावा यासाठीचा कायदा २०१३ मध्येच झाला होता.

भारतात शाळांसाठी असा राष्ट्रीय कायदा नाही. प्रवेशाच्या अर्जात 'ॲलर्जी असल्यास' असा एक रकाना असतो. तो भरला जातो, अर्ज फाइलमध्ये जातो. वर्गशिक्षिकेपर्यंत, व्हॅनवाल्या काकांपर्यंत, सहलीला सोबत गेलेल्या सरांपर्यंत तो पोहोचतोच असं नाही. यासाठी पेनाची वाट बघायची गरज नाही. मुलाचा फोटो, काय चालत नाही, कोणती लक्षणं दिसली तर काय करायचं, पालकांचे दोन नंबर, जवळचं हॉस्पिटल. एका कागदावर मावतं. हा कागद लिहून देण्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारता येतं. दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण आटोक्यात नसलेला दमा हा जीवघेण्या झटक्याचा मोठा धोका आहे.

आणि तीळ?

पुन्हा नताशाच्या बगेटकडे. भारतात पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीकारक घटक छापणं बंधनकारक आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ती यादी दिली आहे: ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांनाही ॲलर्जीची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला किंवा गल्लीतल्या बेकरीला ते लागू नाही.

या यादीत तीळ नाही. ब्रिटनच्या १४ पदार्थांच्या यादीत आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून नववा पदार्थ म्हणून तो जोडला. इथे पाकिटामागे घटकांच्या बारीक अक्षरांत 'तीळ' सापडू शकतो, पण ॲलर्जीच्या इशाऱ्यात तो असेलच असं नाही. त्यामुळे तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांना 'ॲलर्जीसंबंधी सूचना' हा चौकोन वाचून भागत नाही. संपूर्ण यादी वाचावी लागते, चटणीपासून बर्गरच्या बनपर्यंत.

आणि संक्रांतीच्या दिवशी वर्गात स्टीलच्या डब्यातून जो तिळगूळ फिरतो, त्याला लेबलच नसतं. "घे ना, गोड बोल" म्हणून तो हातावर ठेवला जातो, आणि ज्या मुलाला तो चालत नाही ते मूल त्या क्षणी सहा वर्षांचं असतं.